चौकातल्या राउटरची राखण

तालुक्याच्या गावी बाजारपेठेच्या तोंडाशी जो खांब असतो, त्यावर दिवे, जाहिराती आणि टेलिफोनच्या जुन्या तारा यांच्या गर्दीत एक पांढरी पेटी व तिच्याखाली ‘मोफत वाय-फाय’ अशी पाटी मी गेल्या दहा वर्षांत इतक्या गावी पाहिली, आणि त्यांपैकी इतक्या ठिकाणी त्या पेटीतला दिवा विझलेला पाहिला, की सार्वजनिक वाय-फायच्या प्रश्नाचा आढावा घेताना यंत्राच्या गुणदोषांपासून आरंभ न करता त्या विझलेल्या दिव्यापासूनच आरंभ करणे मला सयुक्तिक वाटते. उद्घाटन रीतसर झालेले असते, वृत्तपत्रांत छायाचित्रेही आलेली असतात. पुढल्या पावसाळ्यात मात्र ती पेटी बंद पडली, की ती कोणाच्या दप्तरी आहे, तिचा पासवर्ड कोणापाशी आहे आणि जोडणीचे बिल कोणी भरावयाचे, यांपैकी एकाही गोष्टीचा थांग लागत नाही. एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने अशा एका राउटरची देखरेख मी सहा वर्षे करीत आलो आहे, आणि तेवढ्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की राउटर बसवणे हे अर्ध्या दिवसाचे काम असून त्याची राखण हे बारमाही काम आहे. सार्वजनिक वाय-फायचे आपल्याकडील बहुतेक अपयश या दुसऱ्या कामाला धनी न मिळाल्याचे अपयश आहे.

प्रथम हवेच्या मालकीचा प्रश्न. रेडिओलहरी ही आपल्याकडे सरकारी मिळकत, आणि परवान्यावाचून तिचा उपयोग करणे हा गुन्हा. तेव्हा कोणीही गृहस्थ उठून घरात राउटर लावू शकतो, यामागे सरकारने जाणूनबुजून दिलेली मोकळीक आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारताने जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त केला, त्यातही प्रक्षेपणाची शक्ती व अँटेनाची उंची यांवर मर्यादा घातल्या; ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ इतका प्रशस्त भाग घरात आणि बाहेर दोन्हीकडे खुला होण्यास मात्र ऑक्टोबर २०१८ उजाडावे लागले. मधल्या तेरा वर्षांत आपल्याकडील बहुतेक सार्वजनिक जोडण्या त्या पहिल्या अरुंद पट्ट्यातच दाटीवाटीने उभ्या राहिल्या, आणि ‘वाय-फाय म्हणजे रडतखडत चालणारी वस्तू’ हा जो लोकसमज रूढ झाला, त्याचे एक मूळ या दाटीत आहे असे मी समजतो.

मोकळिकीच्या पाठोपाठ भय आले, आणि ते आले महाराष्ट्राच्याच भूमीतून. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका घडली, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचे ई-पत्र पोहोचले होते. त्या पत्राचा माग काढता काढता तपास यंत्रणा नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेत जाऊन पोहोचल्या, आणि तेथे असे दिसून आले की तेथील रहिवाशाचा राउटर पासवर्डावाचून उघडा होता व त्याच्या जोडणीचा फायदा दुसऱ्याच कोणी घेतला होता. राउटर उघडा ठेवणाऱ्या गृहस्थाच्या दाराशी एके दिवशी पोलीस येऊ शकतात, ही गोष्ट या एका प्रसंगाने सर्वांना कळली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवादात्यांना आज्ञा केली, की सार्वजनिक जागी वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवूनच, म्हणजे छायाचित्रासह ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा भ्रमणध्वनीवर संदेशाने पासवर्ड पाठवून, त्याला प्रवेश द्यावा. आज स्थानकावर वा विमानतळावर जो ओटीपी आपण निमूटपणे टंकित करतो, त्याचा उगम त्या हुकुमात आहे.

यानंतरच्या प्रयत्नांपैकी सर्वांत मोठा आणि, माझ्या मते, सर्वांत चांगला चाललेला प्रयत्न रेल्वेचा. रेलटेल या सरकारी कंपनीपाशी लोहमार्गाच्या कडेने टाकलेली प्रकाशतंतूंची स्वतःची वाहिनी होती. गूगलशी करार करून तिने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर पहिली जोडणी दिली, आणि जून २०१८ मध्ये दिब्रुगढ हे या योजनेतील चारशेवे स्थानक झाले. एर्नाकुलम स्थानकावरील एक हमाल ओझे वाहता वाहता कानात व्याख्याने ऐकून केरळच्या लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, ही वार्ता त्याच सुमाराची. फुकट जोडणीने कोणाचे भले झाले, असा प्रश्न विचारणाऱ्याला मी तीच सांगतो. गूगलने २०२० मध्ये अंग काढून घेतले, कारण मोबाइलवरील डेटा एव्हाना अतिशय स्वस्त झाला होता; तरी रेलटेलने काम थांबवले नाही, आणि मे २०२१ मध्ये झारखंडातील हजारीबाग टाउन हे तिचे सहा हजारावे वाय-फाय स्थानक ठरले. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की भागीदार गेला तरी पेट्या विझल्या नाहीत. कारण वाहिनी, वीज, जागा आणि माणूस या चारही गोष्टी एकाच संस्थेच्या ताब्यात होत्या. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१७ मध्ये ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ या नावाने राजधानीत पाचशे ठिकाणी जोडण्या सुरू केल्या, त्यामागील हेतूही उदारच होता. परंतु रस्त्यावरच्या खांबाला स्थानकाच्या फलाटासारखा स्टेशन मास्तर नसतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१७ मध्ये जी शिफारस केली, तिचे मर्म याच जाणिवेत होते असे मला वाटते. एका मोठ्या कंपनीने देशभर खांब रोवण्यापेक्षा चहाच्या टपरीवाल्याने, किराणा दुकानदाराने, वाचनालयाने आपापला राउटर लावावा, आपली वाहिनी सुटी करून विकावी, आणि हिशेब, ओळख व जबाबदारी यांचा भार दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेने उचलावा, अशी ती कल्पना. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ‘पीएम-वाणी’ या नावाने मंजुरी दिली. दुकानदाराला तीत ‘पब्लिक डेटा ऑफिस’, म्हणजे पीडीओ, असे नाव आहे, आणि त्याला परवाना, नोंदणी वा शुल्क यांपैकी काहीही लागत नाही. अनेक पीडीओंचा कारभार पाहणारा तो संकलक. ग्राहकाची ओळख एकदाच पटवून त्याला कोणत्याही पीडीओपाशी प्रवेश देणारा तो ॲपदाता. आणि या सर्वांची नोंदवही सी-डॉटकडे. पीडीओ हे नाव पीसीओवरून घडवलेले आहे हे उघडच दिसते, आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ज्या सी-डॉटच्या एक्स्चेंजांनी खेड्यापाड्यांत टेलिफोन पोहोचवला व पिवळ्या पाटीच्या पीसीओंना गल्लोगल्ली उभे राहू दिले, तिच्याच हाती या नव्या पेढ्यांची नोंदवही असावी, यात इतिहासाचा एक सुरेख दुवा जुळला आहे.

योजना निर्दोष, अंमलबजावणी मात्र मंद. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संप्रेषण धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय ठिकाणांचे उद्दिष्ट ठेवले होते. पीएम-वाणीची संख्या अद्याप काही लाखांच्याच घरात आहे. यास कारणे अनेक, परंतु सर्वांत बोचरे कारण पैशाचे होते: टपरीवाल्याने घरगुती जोडणी मागितली तर ती सार्वजनिक वापरास देता येत नाही असे उत्तर मिळे, आणि जी देता येई ती ‘लीज्ड लाइन’ त्याच्या ऐपतीच्या कितीतरी पलीकडची असे. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने दरांचा आदेश दुरुस्त करून, २०० मेगाबिटपर्यंतच्या किरकोळ ब्रॉडबँड जोडणीला जो दर, त्याच्या दुपटीहून अधिक आकार पीडीओकडून घेता येणार नाही, असा निर्बंध घातला. हा निर्णय पाच वर्षे आधी झाला असता तर आजचे चित्र निराळे दिसले असते, असे म्हणण्यावाचून राहवत नाही.

आता यंत्राकडे वळू. घरातला राउटर आणि व्यवस्थापित राउटर यांत फरक शक्तीचा नसून कारभाराचा आहे. घरातल्या राउटरला एक पासवर्ड ठाऊक असतो, आणि ज्याला तो ठाऊक त्याला सर्व मोकळे. व्यवस्थापित राउटर प्रत्येक आगंतुकाला निराळा ओळखतो, त्याला किती वेळ, किती वेगाने, कोणत्या खोलीत वावरू द्यावयाचे ते ठरवतो, आल्यागेल्याची नोंद ठेवतो, आणि दूर बसलेल्या माणसाकडूनही हुकूम घेतो. याचे तीन प्रकार प्रचारात आहेत. पहिल्यात सारा कारभार त्या पेटीतच असतो. लात्वियातील मायक्रोटिकची यंत्रे, किंवा २००४ च्या सुमारास एका घरगुती राउटरच्या खुल्या संहितेतून उदयास आलेली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ प्रणाली व तिच्यावर चालणारे प्रवेशद्वाराचे मोफत कार्यक्रम, ही याची उदाहरणे. दुसऱ्यात एक नियंत्रक असतो, आणि तो जागेवरच्या संगणकात बसून अनेक पेट्यांना हाकतो. युबिक्विटीची युनिफाय व टीपी-लिंकची ओमाडा ही नावे आपल्याकडील विक्रेत्यांच्या तोंडी असतात. तिसऱ्यात नियंत्रक आंतरजालावर दूर कोठेतरी असतो, आणि त्याचे वार्षिक शुल्क भरावे लागते. त्या शुल्काची मुदत सरली की काही कंपन्यांची पेटी धडधाकट असूनही काम करीनाशी होते. सार्वजनिक संस्थेने हा शेवटचा प्रकार फार विचार करून घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण आमच्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांत एखाद्या वर्षी शुल्काची तजवीज न होणे ही अपवादाची गोष्ट नव्हे.

आमच्या वाचनालयाची वास्तू दगडी, भिंती दीड हात रुंदीच्या, आणि वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची अभ्यासिका. डेटा इतका स्वस्त झाल्यावर वाय-फाय कशाला, हा प्रश्न आमच्या कार्यकारी मंडळातही निघाला होता; त्याचे उत्तर त्या भिंतींनीच दिले, कारण तेथे मोबाइलचा संकेत धड पोहोचत नाही, आणि ज्या मुलाला दिवसाकाठी दीड जीबीची मर्यादा आहे त्याची दोन व्याख्यानांतच ती संपते. आम्ही प्रकाशतंतूची शंभर मेगाबिटची जोडणी घेतली, आणि एका ठेकेदाराने एका दुपारी राउटर व दोन ॲक्सेस पॉइंट बसवून दिले. पहिले दोन आठवडे सर्व सुरळीत चालले. मग दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास तक्रार येऊ लागली की फोनवर वाय-फायची खूण दिसते, परंतु जोडणी होत नाही. आधी जोडलेल्यांचे मात्र बिनबोभाट चालले आहे. ठेकेदार म्हणे, वाहिनी अपुरी आहे, दुप्पट घ्या. वाहिनी तर निम्मीदेखील खर्च होत नव्हती.

दोष सापडला तो पत्त्यांच्या बारनिशीत. राउटरशी जोडणाऱ्या प्रत्येक फोनला एक पत्ता द्यावा लागतो, आणि तो ठराविक मुदतीसाठी दिलेला असतो. या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. आमच्या ठेकेदाराने घरगुती शिरस्त्याने शंभर पत्त्यांचा साठा ठेवला होता आणि मुदत चोवीस तासांची. वाचनालय बाजाराच्या वाटेवर. ज्या फोनांनी एकदा आमचे नाव ओळखले होते ते रस्त्याने जाता जाता आपोआप जोडले जात, मालकाला पत्ताही नसे, आणि एकेक पत्ता दिवसभरासाठी खिशात घालून निघून जात. भर म्हणून, २०१९-२० पासून अँड्रॉइड व आयफोन आपला मूळ यंत्रक्रमांक लपवून बनावट क्रमांक पुढे करू लागले आहेत, तेव्हा जोडणी ‘विसरून’ पुन्हा जोडलेला एकच फोन काही वेळा दोन पत्ते अडवून बसतो. मध्यान्हापर्यंत साठा रिकामा होई. आम्ही सार्वजनिक वापराचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून व्हीलॅनने विलग केले, त्याला १,०२२ पत्त्यांचा पैस दिला, आणि मुदत एका तासावर आणली. पुढच्या मंगळवारी एकही तक्रार आली नाही, आणि यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही.

लहरींच्या बाबतीतही आम्हांला एक चुकीची समजूत सोडावी लागली. अभ्यासिकेच्या कोपऱ्यात संकेत क्षीण म्हणून राउटरची शक्ती कमाल करून ठेवली होती. परंतु संभाषण दोघांचे असते, आणि राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनचा बारीक आवाज त्याला ऐकू आला पाहिजे. शक्ती कमी करून तिसरा ॲक्सेस पॉइंट अभ्यासिकेतच बसवणे हाच खरा उपाय ठरला. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारच्या दुकानांनी तेही व्यापलेले. म्हणून आम्ही त्या पट्ट्यात वीस मेगाहर्ट्झची रुंदी कटाक्षाने पाळून जुने फोन तिकडे ठेवले, व बाकीचे ५ गिगाहर्ट्झकडे वळवले. अगदी मंद गतीचे जुने दर बंद केले, कारण एक मेगाबिटच्या गतीने बोलणारे एक जुनाट यंत्र सर्वांच्या वाट्याचा हवेतला वेळ खाते. दरडोई वेगाची मर्यादा चार मेगाबिट ठेवली आणि रांगेची न्याय्य वाटणी राउटरवर सोपवली. त्यामुळे एकाने चित्रपट उतरवायला घेतला तरी दुसऱ्याचा परीक्षेचा अर्ज अडत नाही. एका फोनाने दुसऱ्या फोनाकडे डोकावू नये म्हणून परस्पर-विलगीकरण चालू केले. ही एक खूण करण्यापुरती गोष्ट आहे, तथापि जेथे जेथे मी तपासून पाहिले तेथे ती बहुधा विसरलेलीच आढळली.

प्रवेशद्वाराचे पान, ज्याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात, ही या साऱ्या रचनेतली सर्वांत नाजूक जागा. फोन वाय-फायला जोडला की तो आधी आपल्या निर्मात्याचे एक ठरलेले पान मागतो. अँड्रॉइडची अपेक्षा असते की उत्तरी रिकामा २०४ हा संकेत यावा. राउटर मध्येच ते उत्तर बदलतो, फोनला शंका येते, आणि तो प्रवेशाचे पान उघडून दाखवतो. ही मध्यस्थी साध्या पानांवर चालते. परंतु आजची बहुतेक संकेतस्थळे कुलूपबंद एचटीटीपीएसने बोलतात, आणि तेथे राउटरने हात घातला की ब्राउझर धोक्याची तांबडी सूचना देतो. अशा वेळी ‘पुढे जा म्हणा, काही होत नाही’ असे सांगणारे कर्मचारी मी पाहिले आहेत, आणि मला ते अतिशय घातक वाटते. बँकेच्या बनावट पानावरही ती सूचना हीच असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय आपण सार्वजनिक संस्थेत बसून लोकांना लावतो. प्रवेशद्वाराला स्वतःचे नाव व त्या नावाचे खरे प्रमाणपत्र असावे, आणि प्रवेशाच्या आधी लागणारी मोजकी स्थळे, म्हणजे पैसे भरण्याची वा ओळख पटवण्याची, आधीच मोकळी ठेवावीत. ओटीपीची आणखी एक अडचण आमच्या दगडी भिंतींनी दाखवली: जेथे मोबाइलचा संकेत नाही तेथे ओटीपी यावयाचा कसा? वाय-फायची सर्वाधिक गरज ज्याला, त्यालाच तो दाराबाहेर उभा करतो. आम्ही म्हणून सभासदांची ओळख दप्तरी एकदाच पाहून, सभासद क्रमांकावर मुदतीचे प्रवेशपत्रक देण्याची पद्धत ठेवली आहे; तपासणी रॅडियस या जुन्या, १९९१ पासून चालत आलेल्या पद्धतीने होते.

नोंदींचा विषय वाटतो तितका रुक्ष नाही. एखाद्या निरपराध माणसाची अब्रू त्यावर अवलंबून असते. बाहेरच्या जगाला आमची साठ यंत्रे एकाच पत्त्याची दिसतात. तपास अधिकारी जो पत्ता व जी वेळ घेऊन येईल, त्यावरून आतला माणूस ठरवावयाचा तर कोणत्या क्षणी कोणत्या यंत्राला कोणता दरवाजा, म्हणजे पोर्ट, दिला होता, याची नोंद हवी, आणि तिची वेळ बिनचूक हवी. वीज जाऊन आली की अनेक राउटरांचे घड्याळ १ जानेवारी १९७० वर जाऊन उभे राहते, आणि ते कोणी जुळवले नाही तर पुढची सारी नोंद पन्नास वर्षांपूर्वीची होऊन बसते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सेवादाते, मध्यस्थ व संस्था यांना घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवण्यास आणि नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. दुसऱ्या बाजूस, जपण्यापलीकडे त्या नोंदींचा काही उपयोग करणे हा विश्वासघात समजला पाहिजे. कोण काय वाचतो याची चौकशी वाचनालय करीत नाही. तोच दंडक मी राउटरलाही लावतो. प्रवेशाच्या पानावर जन्मतारीख, ई-पत्ता, आवडीनिवडी विचारून जाहिरातदारांना विकणारी ‘मोफत’ सेवा ही मोफत नव्हे, आणि २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने तिला आता जाब विचारण्याची वाटही उघडली आहे.

हवेतल्या संरक्षणाची कहाणी ही एका पाठोपाठ एक तुटलेल्या कुलुपांची कहाणी आहे: वेप हे पहिले कुलूप २००१ मध्येच निकालात निघाले, २००४ चे डब्ल्यूपीए-२ पुष्कळ टिकले, तरी २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ यांनी त्यातलीही फट दाखवून दिली. भिंतीवर लावलेला एकच पासवर्ड म्हणजे, जुन्या पद्धतीत, ज्याला तो ठाऊक त्याला इतरांची जोडणी टिपून उलगडण्याची सोय; २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ ने ही उणीव काढली, आणि त्याच वर्षी आलेल्या ‘एन्हान्स्ड ओपन’ने पासवर्डावाचूनही हवेतले बोलणे झाकण्याची सोय केली. नवा राउटर घेताना या दोन गोष्टी आहेत की नाहीत ते पाहावे. परंतु मोठे धोके हवेतून न येता कारभाराच्या दारातून येतात. मायक्रोटिकच्या राउटरांतील एका दोषावर कंपनीने एप्रिल २०१८ मध्येच दुरुस्ती दिली होती. ती न बसवलेली यंत्रे पुढल्या काही महिन्यांत, विशेषतः ब्राझीलमध्ये, लाखांच्या घरात परक्यांच्या ताब्यात गेली, आणि त्यांवरून जाणाऱ्या पानांत आभासी चलन खणणारा मजकूर घुसवला गेला. दोष यंत्रात होता खरा, पण औषध हाती असून ते कोणी पाजले नाही. कारभाराचे पान सार्वजनिक बाजूने कधीही उघडू नये, मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, दूरचा प्रवेश व्हीपीएनवाचून ठेवू नये आणि रचनेची प्रत पेटीबाहेर असावी, एवढा बंदोबस्त कोणत्याही संस्थेला विनामूल्य करता येतो.

विजेचा आणि पावसाचा उल्लेख न करता हा आढावा अपुरा राहील. राउटर व ॲक्सेस पॉइंट मिळून साध्या दिव्याइतकीच वीज खातात, तेव्हा लहानशा यूपीएसवर ते तासन्‌तास तग धरतात. वीज गेलेल्या संध्याकाळी अभ्यासिका चालू ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच. बाहेरच्या पेटीला वीज व माहिती एकाच केबलने द्यावी, ती केबल शंभर मीटरच्या आत असावी, आणि तिला भूसंपर्क व विजेच्या लाटेपासून संरक्षण हवेच. आमच्या छपरावरची पहिली पेटी रोहिण्यांच्या वळवाच्या पावसात, एका कडकडाटासरशी, आतल्या स्विचसह गेली.

या सहा वर्षांत आम्ही राउटरसाठी एक जाड बांधणीची वही ठेवली आहे. तीत प्रत्येक बदल तारीखवार लिहिलेला असतो: काय बदलले, कोणी, कशासाठी, आणि पूर्वीचे मूल्य काय होते. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कपाटाच्या वरच्या खणात असून पाकीट उघडल्यास सही करावी लागते. जोडणीच्या बिलाची तारीख ग्रंथपालांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तांबड्या शाईने लिहिलेली असते. गेल्या महिन्यात सहायक ग्रंथपाल म्हणून रुजू झालेल्या मुलीला ती वही मी वाचावयास दिली. दोन दिवसांनी तिने तीत स्वतःच्या अक्षरात पहिली नोंद केली: ‘अभ्यासिकेतील पेटी, चॅनेल ३६ वरून १४९, शेजारच्या नव्या दुकानाचा राउटर ३६ वर आला म्हणून. जुने मूल्य ३६.’ खाली तारीख, वेळ आणि सही होती.